वाईट बातमीचा तास

७ जानेवारी

प्रिय धाकट्या,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र आलं म्हणून हसू नकोस. फोनवर बोलायची सोय नाही. बाबा शेजारच्याच खोलीत असतात आणि त्यांचे कान अजूनही मागच्या बाकावरची कुजबुज पकडणाऱ्या मास्तराचेच आहेत. बोलायची सोय का हवी ते पुढे सांगते, आधी गंमत ऐक.

बाबांना एकाहत्तराव्या वर्षी काम लागलंय, तेही माझ्या हाताखाली! तुला माहीत आहे, कॉलेजात शेवटच्या वर्षाच्या डॉक्टर मुलांना मी पेशंटशी बोलायला शिकवते. सुई टोचायला शिकायची तर रबरी पुतळा चालतो, पण वाईट बातमी सांगायला शिकायचं तर समोर जिवंत माणूस लागतो. म्हणून आम्ही खोटे पेशंट ठेवतो. त्यांना एक कागद द्यायचा. तुमचं वय इतकं, घरी हे हे लोक, आजार अमुक. तो पाठ करून त्यांनी खुर्चीत बसायचं, आणि एकेका विद्यार्थ्याने आत जाऊन त्यांना बातमी सांगायची. मी बाकीच्यांना घेऊन काचेपलीकडे बसते. आम्हाला आतलं दिसतं नि ऐकू येतं, आतल्यांना आम्ही दिसत नाही. आमचे जुने खोटे पेशंट दुसऱ्या गावी राहायला गेले, आणि बाबा निवृत्त झाल्यापासून घरात मला सकाळ-संध्याकाळ धारेवर धरत होते. म्हटलं, यांनाच बसवावं.

पहिल्याच दिवशी त्यांनी कहर केला. कागदात होतं की मधुमेहामुळे पाय कापावा लागणार. बाबांनी त्या मुलाला विचारलं की कुठला पाय. तो विसरला होता. बाबांनी शांतपणे दोन्ही पाय उचलून टेबलावर ठेवले आणि सांगितलं की तुम्हीच निवडा. मुलाची पाचावर धारण बसली. काचेमागे आम्ही हसून हसून बेजार. मुलं त्यांना पेशंट सर म्हणायला लागली आहेत.

आता ज्यासाठी पत्र लिहायला घेतलं ते. बाबांचा खोकला जात नव्हता म्हणून मी त्यांना आमच्याच हॉस्पिटलात तपासून घेतलं. रिपोर्ट आणायचं काम त्यांनी माझ्यावर टाकलं. काल आणला. उजव्या फुप्फुसात गाठ आहे. वाईट गाठ आहे. सर्जन म्हणाले की आज ती एका जागी आहे, कापून काढता येईल आणि पुढे चांगलं जगता येईल. पण महिन्याभरात टेबलावर घ्यायला हवं, नंतरचं ते सांगू शकत नाहीत. घरी आल्यावर बाबांनी विचारलं की काय निघालं. मी म्हटलं, जुन्या सर्दीचा डाग आहे, अजून एक-दोन तपासण्या करू. कसं तोंडातून निघालं कोण जाणे. बारा वर्षं मी हेच शिकवतेय रे, आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं.

लगेच लिही. लोभ आहेच, या खेपेला जरा जास्त लागेल.

तुझी,
ताई


१२ जानेवारी

ती. ताईस,
शि. सा. न.

तुझं पत्र सिम्युलेटरच्या खोलीत वाचलं. समोरच्या पडद्यावर एक शिकाऊ ड्रायव्हर बंद फाटक तोडून आगगाडी पुढे घेऊन निघाला होता आणि मी त्याला थांबवायचंच विसरलो. नशीब, पडद्यावरची माणसं मरत नाहीत. बटण दाबलं की गाडी पुन्हा स्टेशनात उभी.

ताई, मी आल्याशिवाय बाबांना सांगू नकोस. हात जोडून सांगतो. तू एकटी सांगणार, ते तुला घालूनपाडून बोलणार, तू रडणार, आणि मग ते ऑपरेशनला नाही म्हणून बसणार. त्यांचा हट्ट तुला का सांगायला हवा? माझ्या तुकडीची परीक्षा तीस तारखेला आहे. तोवर रजेचं नावही काढता येत नाही. एक तारखेला निघतो. महिन्याभरात म्हणजे महिना संपताना चालेलच ना? आपण दोघं समोर बसून नीट सांगू.

तोवर एक सुचवतो, रागावू नकोस. नव्या मार्गावर गाडी न्यायच्या आधी आम्ही तोच मार्ग पडद्यावर वीस-वीस वेळा चालवून घेतो. वळण कुठे आहे, ब्रेक कुठे लावायचा, ते अंगात भिनतं. तुझ्याकडे चोवीस मुलं आहेत आणि खुर्चीत बाबा आहेत. बाबांचाच रिपोर्ट कागद म्हणून दे. वय, गाठ, सगळं तेच. चोवीस जण चोवीस तऱ्हांनी सांगतील. कोणत्या शब्दाला ते भडकतात, कशाला शांत होतात, हे तू काचेमागून बघून ठेव. मग आपण त्यातली बरी तऱ्हा उचलू. त्यांना बिचाऱ्यांना काय कळतंय, नेहमीसारखं नाटकच वाटेल.

तब्येतीला जप. तू कोसळलीस तर सगळंच कोसळेल. आजवर मला सांभाळून घेतलंस तसंच यापुढेही घे.

तुझा,
धाकटा


२४ जानेवारी

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

तुला मुद्दाम पत्र लिहावं असं काही घडलेलं नाही, पण एका कलावंताची खबर त्याच्या मुलाला असायला हवी. आठवड्यातून दोन दिवस, मंगळवारी आणि गुरुवारी, मी मरणाच्या वाटेवर असतो. बाकीचे दिवस बरा असतो.

माझ्या शेजारच्या खोलीत एक रबरी गृहस्थ झोपलेले असतात. त्यांना दर तासाला हृदयविकाराचा झटका येतो आणि मुलं त्यांच्या छातीवर चढून बसतात. त्यांच्यापेक्षा माझं बरं. मला नुसतं ऐकून घ्यायचं असतं. पण काय ही मुलं! एक उंच मुलगी आहे, ती मला अकरा वेळा काळजी करू नका म्हणाली. मी विचारलं की बाराव्यांदा म्हणालात की करायला लागू का. एक जण बोलायच्या आधीच कागदी रुमालांचा डबा माझ्यासमोर सरकवतो, म्हणून मी आधीच रडून घेतलं आणि मग त्याला म्हटलं, आता बोला. तो स्वतःच रडला. तुझी ताई म्हणते मी दुष्ट आहे. छत्तीस वर्षं शिकवलं, दुष्टपणा केल्याशिवाय कोणी शिकलेलं मला आठवत नाही.

मंगळवारपासून कागद बदललाय. पाय गेला, आता फुप्फुसाची गाठ आली आहे. रुग्ण एकाहत्तर वर्षांचा, निवृत्त विज्ञानशिक्षक, बायको वारलेली, मुलगी जवळ, मुलगा परगावी. कागद झकास बसवलाय. पाठ करायलाही लागला नाही.

तुला आठवतं का, मी वर्गात नेलेल्या प्रत्येक प्रतिकृतीत मुद्दाम एक चूक ठेवायचो. कधी सूर्यमालेत मंगळाला कडं घालायचो, कधी डोळ्याचं भिंग मागे बसवायचो. हुबेहूब वस्तूकडे मुलं नुसती बघत बसतात, चूक आहे म्हटलं की शोधायला लागतात. ताईला म्हटलं, तुमच्या कागदातही एखादी चूक हवी होती. मी तीनदा वाचला, एकही सापडली नाही. ती म्हणाली की कागद समितीने केलाय, तिला त्यात बदल करता येत नाही. समितीला माझा नमस्कार सांग म्हणालो.

ताई हल्ली जेवताना माझ्याकडे बघत नाही. कामाचा ताण असेल. तू कधी येतोस? खोकला आहे तसाच आहे. सर्दीचा डाग आहे म्हणे. ख्यालीखुशाली कळवत जा, मीही जमेल तोवर कळवीन.

तुझा,
बाबा


३० जानेवारी

प्रिय धाकट्या,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तू सांगितलंस तसं केलं. वाईट केलं. आता मागे घेता येत नाही.

आतापर्यंत सोळा मुलांनी बाबांना त्यांची गाठ सांगितली. मी वहीत लिहून ठेवलं आहे. गाठ म्हटलं की ते मान हलवतात. कर्करोग म्हटलं की खिडकीकडे बघतात. घरच्यांना बोलावू का असं विचारलं की हसतात, आणि ते हसणं मला काचेपलीकडूनही बघवत नाही. सोळापैकी एकही तऱ्हा मला बरी वाटली नाही. परवा सर्जनने मला जिन्यात गाठलं आणि चार माणसांदेखत झापलं. तीन आठवडे गेले, कशाची वाट बघताय म्हणाले. मी सांगितलं, भाऊ यायचाय.

काल गुरुवार. मुलं मागे लागली की मॅडम, एकदा तुम्ही करून दाखवा. चोवीस जण एका सुरात. नाही कसं म्हणणार? मी आत गेले, दार लावलं, बाबांच्या समोर बसले आणि सांगितलं. सगळं सांगितलं, धाकट्या. गाठ कुठे आहे, किती मोठी आहे, आज काढता येईल, महिन्यानंतर कदाचित नाही. माझा आवाजही कापला नाही. बाबांनी ऐकून घेतलं. मग विचारलं की माझ्या मुलीला हे माहीत आहे का. मी म्हटलं, हो. मग तिने मला का नाही सांगितलं, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, ती घाबरते. कशाला घाबरते म्हणून विचारलं, तेव्हा मी म्हटलं, तुम्हाला. त्यांचे डोळे भरून आले. काचेमागे मुलांनी टाळ्या वाजवल्या, आवाज आतपर्यंत आला. मुलं म्हणाली की पेशंट सर काय काम करतात!

घरी आल्यावर बाबा त्यांच्या खोलीत बसले होते, दार सताड उघडं. मी दारात उभी राहिले. आत्ताच बोलायचं, असं ठरवून उभी राहिले. आणि म्हणाले काय, तर स्वयंपाकघरातला नळ गळतोय. ते म्हणाले, बरं. मी माझ्या खोलीत जाऊन उशी तोंडावर दाबून रडले. तुला कदाचित हसू येईल, पण मला वाटत होतं की माझं सांगून झालंय.

तुला आई गेली तो दिवस आठवतो का? तू सात वर्षांचा होतास, मी अकरा. बाबांनी शाळेतलं प्लास्टरचं हृदय घरी आणलं, मधोमध उघडलं, आणि बोटाने दाखवलं की ही झडप, आईची ही बंद पडली, म्हणून आई आता येणार नाही. पाच मिनिटांत आटोपलं. मग त्यांनी विचारलं की या हृदयात एक चूक आहे, कुठे आहे ते सांगा. मी शोधून दाखवली. त्यांनी मला शाब्बास म्हटलं. मी किती खूश झाले होते, ते आठवलं की आजही माझी मला किळस वाटते. त्या माणसाला मी कोणत्या शब्दांत सांगू?

परवा तू निघणार आहेस ना? निघ. मला आता हे पेलत नाही. माया पातळ होऊ देऊ नकोस एवढंच.

तुझी,
ताई


४ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न.

आधी कान पकडतो. एक तारखेला निघता आलं नाही. तुकडीतले सहा जण नापास झाले, त्यांची फेरपरीक्षा पंधराला लागली आणि साहेबांनी रजा साफ नाकारली. मी खूप भांडून पाहिलं.

तुझं पत्र वाचून मला रडू आलं आणि थोडं हसूही आलं. अगं, तू तर बाजी मारलीस! एकदा त्यांच्या तोंडावर सगळं बोललीस, छप्पर कोसळलं नाही. आता खरं सांगताना जड जाणार नाही. फक्त दहा-बारा दिवस कळ काढ. सर्जन लोकांना घाईच असते, चाकू हातात असला की त्यांना दम धरवत नाही. इतक्या वर्षांचं शरीर आठ दिवसांत कुठे पळून जात नाही.

आणि मी नसताना सांगू नकोस, हे पुन्हा सांगतो. बाबांना कळलं तेव्हा मी तिथे नव्हतो, हे मला आयुष्यभर लागून राहील. माझ्यासाठी एवढं कर. बाबांच्या पत्रावरून तरी ते मजेत दिसतात. त्यांना त्या मजेत राहू दे.

तुझ्या पदरात माझे शंभर अपराध आहेत, हा एकशे एकावा. सांभाळून घे.

तुझा,
धाकटा


२० फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
आशीर्वाद. दरवेळी अनेक लिहितो, आता मोजकेच उरलेत म्हणून जपून.

मंगळवारी तास संपल्यावर मी माझा कागद खिशात घालून तुझ्या ताईच्या सर्जनकडे गेलो. त्यांना विचारलं की या रुग्णाला ओळखता का. त्यांनी वाचलं, माझं नाव विचारलं, कॉम्प्युटरवर बघितलं आणि त्यांचा चेहराच पडला. दुसऱ्या दिवशी नव्या तपासण्या झाल्या. काल निकाल कळला. गाठ दुसऱ्या फुप्फुसात आणि यकृतात गेली आहे. आता कापून उपयोग नाही. त्यांनी हे उभ्याउभ्या, दाराच्या कडीवर हात ठेवून, दीड मिनिटात सांगितलं. रुमाल नाही, खुर्ची नाही. मला काहीच खटकलं नाही. मग ते चिडून म्हणाले की मी तुमच्या मुलीला सहा जानेवारीलाच सांगितलं होतं, ती म्हणाली भाऊ येईपर्यंत थांबा.

आता माझं ऐक. मला वीस जानेवारीलाच कळलं होतं. पहिली मुलगी आत येऊन बसली, उजवं फुप्फुस म्हणाली, आणि माझा खोकला तिथूनच येत होता. समितीला माझी बायको वारल्याचं कशाला माहीत असेल? मी त्याच दिवशी विचारू शकलो असतो. विचारलं नाही. फळ्यापाशी उभ्या असलेल्या मुलाला मी आयुष्यात कधी उत्तर सांगितलं नाही. खडू हातात घेऊन घामाघूम होऊ दे, पण त्याने स्वतः लिहावं. म्हटलं, पोरीला येतंय, लिहील. ती समोर बसून सगळं घडाघडा बोलली त्या दिवशी मी घरी दार उघडं टाकून वाट बघत बसलो. ती आली आणि नळाचं बोलून गेली. तरी मी हट्टाने आणखी अडीच आठवडे बसलो. हा माझा माज होता, तो मी कोणावर ढकलत नाही. तुम्ही दोघं भ्यालात, मी अडून बसलो, आणि गाठ आपल्या गतीने वाढत राहिली.

ताईला मी आज दुपारी सांगितलं, स्वयंपाकघरात, ती भांडी पुसत असताना. ती खाली फरशीवर बसली. मी तिला उठवलं नाही. तिथूनच तिने विचारलं की आता तास बंद करू ना. मी नाही म्हटलं. प्राचार्य माझ्यावर खूश आहेत, मुलं शिकताहेत. मी नवा कागद स्वतः लिहून प्राचार्यांकडून मंजूर करून घेतलाय. रुग्ण तोच. त्याला सांगायचं आहे की ऑपरेशन होऊ शकलं असतं, पण मुलांनी लपवलं, बाप मुद्दाम गप्प राहिला, आता होणार नाही. चोवीस जण आहेत, एका दिवशी चार. मला दम लागेपर्यंत चालवू. ताई काचेमागे असेल, कारण तिची नोकरीच ती आहे. दुष्टपणा म्हणशील. आहेच. मला तुम्हा दोघांचा फार राग आला आहे आणि तो घालवायला माझ्याकडे वर्षं नाहीत.

काल तुझ्या साहेबांना फोन केला. म्हटलं, बाप मरतोय, पोराला आता तरी सोडा. भला माणूस दिसला. गोंधळून गेला. म्हणाला की अठरा दिवसांची रजा तुझ्या नावावर डिसेंबरपासून पडून आहे, तू अर्जच केला नाहीस. तू येत नाहीस म्हणून ताईने मला सांगितलेली ती तीस तारखेची परीक्षा नव्हतीच, पंधराची फेरपरीक्षाही नव्हती. मी त्याला म्हटलं, माझी ऐकण्यात चूक झाली असेल. तुझी लाज मी झाकली, काळजी नको.

हे ताईला अजून माहीत नाही. तिला ते माझ्याकडून कळायला नको.

म्हणून येत्या मंगळवारी अकराला पहिली पाळी मी तुझी लावली आहे. गाडी सकाळी आठला पोहोचते, स्टेशनवरून सरळ कॉलेजात ये. घोकून येऊ नकोस, गाडीत शब्द जुळवत बसू नकोस. काचेमागे मुलं असतील, तुझी ताई असेल. दार लावून घे, समोरच्या खुर्चीत बस आणि तू का आला नाहीस ते मला सांग. मी पहिल्यांदाच ऐकतोय अशा चेहऱ्याने ऐकेन. ती पहिल्यांदाच ऐकेल.

लोभ असावा, असं शेवटी लिहायची रीत आहे. आपल्याकडे त्यासाठी अकरा ते साडेअकरा एवढा वेळ आहे.

तुझा,
बाबा